समुद्रतळावरचा दप्तरखाना



ज्या शाळेत मी बाराखडी गिरवली, त्याच शाळेने या स्मृतिव्याख्यानासाठी मला पाचारण करावे, हा मी माझा बहुमान समजतो. ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आम्हांला इतिहास शिकवला. सनावळ्या पाठ करून घेण्यापेक्षा ‘हे तुला कशावरून कळले?’ असा प्रश्न ते वारंवार विचारीत. पुढे मी स्वतः महाविद्यालयात इतिहास शिकवू लागलो आणि वयाची चाळिशी उलटल्यावर पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात बुडी मारण्याची विद्याही शिकलो. या दोन्ही वाटांवर सरांचा तो प्रश्न माझ्या सोबतीला राहिला. आजचा विषयही त्या प्रश्नाशीच निगडित आहे.

समुद्राच्या तळाशी शतकानुशतके बुडालेली जहाजे पडून आहेत. ती पाहण्यासाठी जगभर हौशी पाणबुडे मोठ्या संख्येने पाण्यात उतरू लागले आहेत. आपल्या गोव्यातही ग्रँड बेटाच्या आसपास पावसाळा सरल्यापासून पुढचा पावसाळा येईपर्यंत पर्यटकांच्या बोटी ये-जा करीत असतात. या हौसेचा आणि त्या अवशेषांच्या पुरातत्त्वीय जतनाचा मेळ कसा घालावयाचा, हा आजचा प्रश्न. एक पक्ष म्हणतो, हौशी लोकांना तेथे पाऊलच ठेवू देऊ नका. दुसरा पक्ष म्हणतो, समुद्र सर्वांचा आहे, ज्याला जे सापडेल ते त्याचे. माझे मत आरंभीच सांगून टाकतो. बुडालेले जहाज कुलूप लावून टिकत नाही आणि मोकळे सोडूनही टिकत नाही. पाहणाऱ्यालाच पहारेकरी केले, तर ते टिकते. मात्र कोणते जहाज कोणाला, केव्हा आणि कोणत्या अटींवर दाखवावयाचे, याचा निर्णय बोटी तेथे पोहोचण्यापूर्वी झाला पाहिजे.

प्रथम, बुडालेल्या जहाजाचे मोल कशात असते ते पाहू. सर्वसामान्य माणसाच्या मनात बुडालेले जहाज म्हटले की सोन्याच्या मोहरांनी भरलेली पेटी उभी राहते. प्रत्यक्षात ज्या तारवांत सोने होते अशी तारवे फार थोडी. अभ्यासकाच्या दृष्टीने बुडालेले जहाज हा एक दप्तरखाना असतो. जमिनीवरच्या गावात पिढ्यान्‌पिढ्यांच्या वस्तू एकमेकींत मिसळून जातात. जहाज मात्र एका दिवशी, एका घटकेला, त्या वेळी त्यावर जे जे होते त्या सर्वांसह तळाशी जाते. माल, शिधा, हत्यारे, खलाशांची भांडी, सुताराची अवजारे हे सारे एकाच काळाचे असते, आणि कोणती वस्तू कोणत्या वस्तूशेजारी पडली आहे यात त्या दप्तराची लिपी दडलेली असते. वस्तू उचलली की ती वस्तू हाती राहते, पण लिपी पुसली जाते.

हे आपल्या घरच्याच उदाहरणाने स्पष्ट होईल. गोव्याच्या किनाऱ्यासमोर सुंची रीफ नावाचे खडप आहे. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या सागरी पुरातत्त्वज्ञांनी १९९७ साली तेथे शोधकार्य केले, तेव्हा सतराव्या शतकाच्या आरंभीच्या एका जहाजाचे अवशेष आढळले. तेथे लोखंडी तोफा होत्या, हातबंदुकीची नळी होती, घडीव दगड होते, काचेच्या बाटल्यांचे तळ होते, चिनी मातीची भांडी होती, मर्तबान घाटाच्या रांजणांची खापरे होती, हस्तिदंत होते आणि पाणघोड्याचे दातही होते. आता विचार करा. यातला एकच हस्तिदंत कोणी काढून दुकानात ठेवला असता, तर तो केवळ शोभेची वस्तू ठरला असता. पण चिनी मातीची भांडी, ब्रह्मदेशाकडील रांजण आणि पाणघोड्याचे दात ही तिन्ही एका ठिकाणी सापडली की ती बोलू लागतात. पाणघोडा हा आफ्रिकेचा प्राणी. म्हणजे ज्या समुद्राकडे आपण रोज खिडकीतून पाहतो, त्या समुद्रात आफ्रिकेचा आणि अतिपूर्वेचा व्यापार एकाच तारवाच्या पोटात एकत्र आला होता. हे कशावरून कळले? त्या वस्तू एकमेकींशेजारी होत्या, यावरून.

दुसरे उदाहरण याहून साधे आहे, आणि म्हणूनच मला ते अधिक प्रिय आहे. सेंट जॉर्ज रीफ या खडपाजवळ याच संस्थेला एका जहाजाचे अवशेष मिळाले. त्यावर ना तोफा, ना हस्तिदंत. माल होता तो भाजक्या मातीचा: छपराची कौले, कोन्याची कौले, फरशा, खांबांचे गोल तुकडे आणि खांबांचे माथे. फरशीवर ‘बासेल मिशन टाइल वर्क्स’ हे नाव आणि १८६५ हे साल उमटवलेले आहे. बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला तो १८६५ सालीच. आपल्यापैकी कितीजणांच्या वाडवडिलांच्या घरांवर मंगळुरी कौले आहेत! ती कौले या किनाऱ्यावर जहाजांतून कशी येत होती, याचा पुरावाच समुद्राने जपून ठेवला. येथे एक सावधगिरीही शिकावयास मिळते. फरशीवरचे साल कारखान्याच्या स्थापनेचे आहे. जहाज त्याच वर्षी बुडाले असा अर्थ काढता येत नाही. इतकेच म्हणता येते की ते १८६५ च्या आधी बुडालेले नाही. खजिना शोधणाऱ्याने या ढिगाकडे ढुंकूनही पाहिले नसते, आणि आठवण म्हणून एकेक फरशी उचलणाऱ्या पर्यटकांनी तो बघता बघता संपवला असता.

आता हे दप्तर पाण्यात टिकते कसे आणि बिघडते कसे, ते थोडक्यात सांगतो. लाकूड गाळाखाली गाडले गेले की त्याला प्राणवायू मिळत नाही. त्यामुळे ते शेकडो वर्षे टिकू शकते. गाळाबाहेर उघडे राहिलेले लाकूड आपल्यासारख्या उष्ण समुद्रात लाकूड पोखरणारे जीव लवकर फस्त करतात. लोखंडावर चुनखडीचे व समुद्रजीवांचे जाड कवच चढते आणि गंजण्याचा वेग मंदावतो. ते कवच कोणी हातोडीने फोडले, की गंज पुन्हा वेगाने सुरू होतो. लोखंडी तोफ पाण्याबाहेर काढून नुसती अंगणात ठेवली, तर तिच्यात मुरलेल्या क्षारांमुळे तिचे पापुद्रे सुटू लागतात. म्हणून पाण्यातून वस्तू काढणे हे काम एका दिवसाचे, पण तिचे क्षार उतरवणे हे काम महिन्यांचे आणि वर्षांचे असते.

हौशी पाणबुड्यामुळे होणारी हानी केवळ चोरीने होते असेही नाही. त्याच्या पायांतल्या पंखांच्या फटकाऱ्याने गाळ उडतो आणि गाडलेले लाकूड उघडे पडते. तोल सावरण्यासाठी तो जेथे हात टेकतो, तेथे कवच निखळते. लोखंडी जहाजाच्या आत शिरल्यावर त्याने सोडलेल्या श्वासाचे बुडबुडे छताखाली साचतात, आणि साचलेल्या त्या हवेमुळे पत्रा गंजतो. सर्वांत मोठा घाव मात्र वरच्या बोटीचा असतो. बोटीने अवशेषांवर नांगर टाकला, अथवा जहाजाच्या कठड्यालाच दोर बांधला, तर एका लाटेच्या हिसक्याने जे तुटते ते शंभर पाणबुड्यांच्या हातूनही तुटणार नाही.

तांबड्या समुद्रातील ‘थिसलगॉर्म’ या जहाजाची कथा या संदर्भात सर्वांनी ऐकण्यासारखी आहे. हे ब्रिटिश मालवाहू जहाज ऑक्टोबर १९४१ मध्ये जर्मन विमानांच्या बाँबहल्ल्यात बुडाले. पोटात मोटारसायकली, ट्रक, बंदुका, बूट असा युद्धसामग्रीचा साठा होता. १९५० च्या दशकात कुस्तो यांनी ते शोधून काढले, आणि पुढे १९९० च्या दशकापासून ते जगातील अत्यंत लोकप्रिय बुडीस्थान झाले. पर्यटकांनी मोटारसायकलींचे भाग काढून नेले, आणि बोटींनी थेट जहाजाला दोर बांधून त्याचे कठडे उपटले. २००७ मध्ये एका स्थानिक पर्यावरण संस्थेने बोटींसाठी बांधण्याच्या जागा केल्या आणि आत साचलेली हवा बाहेर पडावी म्हणून पत्र्याला छिद्रे पाडली. २०१७ पासून अभ्यासकांनी हजारो छायाचित्रे जुळवून त्या जहाजाची त्रिमितीय प्रतिमा तयार केली. उपाय स्तुत्य होते, पण उशिरा झाले. आधी गर्दी आणि मग नियम, हा क्रम तेथे पडला. आपल्याला तो उलटा करावयाचा आहे.

कोणी म्हणेल, मग हे सारे वर काढून संग्रहालयातच का ठेवू नये? त्याचे उत्तर स्वीडनमध्ये मिळते. ‘वासा’ ही युद्धनौका १६२८ साली पहिल्याच सफरीत स्टॉकहोमच्या बंदरात बुडाली. १९५६ मध्ये तिचा शोध लागला आणि १९६१ मध्ये ती वर काढण्यात आली. तिचे लाकूड आकसू नये म्हणून तिच्यावर सतरा वर्षे रासायनिक द्रावणाचे फवारे मारावे लागले. एवढे करूनही २००० च्या सुमारास लाकडात आम्ल तयार होत असल्याचे ध्यानात आले, आणि तिची देखभाल आजही चालू आहे. एका श्रीमंत देशाने एका जहाजासाठी केलेला हा खटाटोप आहे. प्रत्येक बुडालेल्या जहाजासाठी तो कोणालाही झेपणार नाही. म्हणूनच युनेस्कोच्या २००१ च्या करारात असे तत्त्व घातले गेले की पाण्याखालील वारसा जागच्या जागी जतन करणे हा पहिला विचार असावा. हा करार जानेवारी २००९ पासून अमलात आला. आपण दोन गोष्टी नीट लक्षात घेतल्या पाहिजेत. पहिली, ‘पहिला विचार’ म्हणजे एकमेव विचार नव्हे. सुंचीसारख्या ठिकाणी जेथे पाणी तीन ते सहा मीटरच खोल आहे आणि पावसाळ्यातल्या लाटा खडपावर आपटतात, तेथे अभ्यासपूर्वक वस्तू वर आणणे हेच शहाणपणाचे. दुसरी, त्याच करारात व्यापारी लुटीला मनाई आहे, आणि लोकांनी धक्का न लावता पाहण्यास व नोंद करण्यास उत्तेजन द्यावे असेही म्हटले आहे. म्हणजे जतन आणि दर्शन यांत मुळातच वैर आहे, ही समजूत त्या कराराला मान्य नाही.

लूट आणि हौस यांतही फरक केला पाहिजे. १७५२ साली दक्षिण चिनी समुद्रात बुडालेले ‘गेल्डरमाल्सेन’ हे डच कंपनीचे जहाज १९८५ मध्ये एका धंदेवाईक शोधकाने रिकामे केले, आणि १९८६ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे लिलाव होऊन दीड लाखाच्या आसपास चिनी मातीची भांडी जगभर पांगली. भांडी शिल्लक आहेत; पण कोणते भांडे कोठे, कशाशेजारी होते याची नोंद झालीच नाही. दप्तर रद्दीच्या भावाने विकले गेले. हा अपराध हौशी पाणबुड्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल.

उलट, सागरी पुरातत्त्वाचा इतिहास चाळला तर हौशी मंडळींचे ऋण पानोपानी दिसते. ‘वासा’चा ठाव लावणारे आन्देर्स फ्रान्झेन हे व्यवसायाने अभियंते होते, जहाजे शोधणे हा त्यांचा छंद. इंग्लंडमधील ‘मेरी रोझ’ १५४५ साली बुडाली. तिचा शोध अलेक्झांडर मकी या लेखकाने १९६५ मध्ये हौशी पाणबुड्यांना हाताशी धरून सुरू केला, आणि १९७१ मध्ये तिची लाकडे दिसली. मार्गारेट रूल या पुरातत्त्वज्ञ विदुषी, केवळ खालचे काम स्वतःच्या डोळ्यांनी पाहता यावे म्हणून, बुडी मारावयास शिकल्या. पुढे पाचशेहून अधिक स्वयंसेवक पाणबुड्यांनी सुमारे अठ्ठावीस हजार बुड्या मारून उत्खनन केले, आणि १९८२ च्या ऑक्टोबरमध्ये जहाज वर आले. त्या स्वयंसेवकांना दारातूनच परत पाठवले असते, तर ‘मेरी रोझ’ आजही गाळात असती.

तुर्कस्तानातील उलुबुरुनचे उदाहरण याहून बोलके आहे. तेथील अभ्यासक किनाऱ्यावरच्या स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांना भेटत आणि तळाशी काय दिसले म्हणजे कळवावे हे समजावून सांगत. १९८२ मध्ये अशाच एका पाणबुड्याने ‘कान असलेली धातूची बिस्किटे’ पाहिल्याचे सांगितले. ती तांब्याच्या व्यापारी लगडी निघाल्या. १९८४ ते १९९४ या काळात तेथे बावीस हजारांहून अधिक बुड्या मारून इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकाच्या अखेरचे जहाज उलगडण्यात आले. त्यावर सुमारे दहा टन तांबे आणि एक टन कथील होते. श्रीलंकेतील गोडवाया येथील अतिप्राचीन जहाजही शंख काढणाऱ्या स्थानिक पाणबुड्यांनीच प्रथम पाहिले. सांगावयाचे ते असे की समुद्रतळाची पहिली बातमी विद्यापीठात येत नाही. ती ज्याचे पोट समुद्रावर आहे त्याच्या कानावर आधी येते.

आता मेळ कसा घातला जातो ते पाहू. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड किनाऱ्याजवळ ‘योंगाला’ हे प्रवासी जहाज १९११ च्या मार्चमध्ये चक्रीवादळात बुडाले. त्यावरील १२२ जणांपैकी एकही वाचला नाही. १९५८ मध्ये त्याची जागा निश्चित झाली. हे जहाज म्हणजे एक समाधी आहे, आणि तरीही ते हौशी पाणबुड्यांसाठी खुले आहे. अटी स्पष्ट आहेत. जहाजाच्या आत शिरावयाचे नाही, काही उचलावयाचे नाही, आणि बोटींनी नांगर न टाकता ठरवून दिलेल्या बोयालाच बांधावयाचे. सिली बेटांजवळ १७९८ मध्ये बुडालेल्या ‘कोलोसस’ या ब्रिटिश युद्धनौकेवर क्रमांक दिलेल्या थांब्यांची पाण्याखालची वाट आखली आहे. पाणबुड्याच्या हाती पाण्यात वाचता येईल असे मार्गदर्शक पत्रक असते. ग्रीसमध्ये पेरिस्तेरा बेटाजवळ इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातील हजारो मद्यकुंभांचा ढीग २०२० पासून वाटाड्यांसह पाहता येतो, आणि पाण्याखालचे कॅमेरे त्यावर नजर ठेवतात. या तिन्ही ठिकाणी आधी नोंद झाली, मग नियम झाले, मग दार उघडले.

यावरून मी बुडालेल्या जहाजांचे तीन वर्ग करतो. पहिला वर्ग, ज्यांचा अभ्यास झालेला नाही किंवा जी फार नाजूक आहेत. ती पूर्ण नोंद होईपर्यंत बंद असावीत. दुसरा वर्ग, ज्यांची नोंद झाली आहे आणि जी दणकट आहेत. बॉयलर आणि एंजिने असलेली लोखंडी जहाजे बहुधा यात येतील. गोव्याजवळच्या अमी शोल्स येथे अशा एका आगबोटीचे अवशेष आहेत. अशी स्थळे बोये, वाट आणि जाणता वाटाड्या यांसह खुली करावीत. तिसरा वर्ग, मुद्दाम बुडवलेली जहाजे. इंग्लंडने ‘स्किला’ ही निवृत्त युद्धनौका २००४ मध्ये पाणबुड्यांसाठी कॉर्नवॉलजवळ बुडवली. आपल्या शेजारी सिंधुदुर्गात, २०२४ च्या जानेवारीत नौदलातून निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही नौका निवती खडकांजवळ तळाशी नेऊन तिचे पाण्याखालचे संग्रहालय करण्याची योजना महाराष्ट्राने आखली. अशा जहाजांवर नवशिक्याने खुशाल शिकावे. तेथे चुकून हात लागला तर इतिहासाचे पान फाटत नाही, आणि हात आवरावयास शिकलेला पाणबुडा पुढे जुन्या जहाजावर जाण्यास पात्र होतो.

या वर्गीकरणाच्या वर मी आणखी एक गोष्ट ठेवतो, आणि ती आहे माणुसकीची. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. कोकणातल्या घराघरांत ती आठवण पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. १९६१ च्या एप्रिलमध्ये दुबईसमोर ‘दारा’ या प्रवासी बोटीवर स्फोट होऊन २३८ जण मरण पावले, आणि बोट ओढून नेत असता बुडाली. मुंबई आणि इराणी आखात यांच्यामध्ये फिरणाऱ्या अशा बोटींवर, आपण गोव्यात ज्यांना तारवटी म्हणतो, त्यांचा मोठा भरणा असे. ‘दारा’ आज हौशी पाणबुड्यांचे ठिकाण आहे. तेथे उतरणाऱ्याने, आपण कोणाच्या तरी बापाच्या, मुलाच्या विसाव्याच्या जागी आलो आहोत, हे मनात धरूनच उतरले पाहिजे. स्मशानात जाण्यास बंदी नसते. पण तेथे कसे वागावे हे कोणाला शिकवावेही लागत नाही.

आता आपल्या गोव्याकडे वळतो. आपल्या देशात शंभर वर्षे पूर्ण झालेल्या वस्तूला १९७२ च्या कायद्याने पुरावस्तूचा दर्जा मिळतो. दुसऱ्या महायुद्धात बुडालेली जहाजे १९३९ ते १९४५ मधली. म्हणजे २०३९ पासून एकामागून एक ती शंभरी गाठतील. तोवर वाट पाहिली, तर गाठण्यासारखे काही उरणार नाही. कायदा आवश्यक आहे, पण समुद्रात प्रत्येक खडपावर शिपाई उभा करता येत नाही. सुंचीच्या तीन मीटर पाण्यात तर टाकीवाचूनही माणूस उतरू शकतो. म्हणून मी चार सूचना आपणांसमोर ठेवतो.

पहिली सूचना बुडीचे शिक्षण देणाऱ्यांसाठी. गोव्यात आणि तारकर्लीस, जेथे जेथे हे शिक्षण दिले जाते, तेथे अर्धा दिवस तरी बुडालेल्या जहाजांसाठी राखून ठेवावा. नवख्या पर्यटकांबरोबर मी अनेकदा बोटीत बसलो आहे. ‘खालून काही आणता येईल का?’ हा प्रश्न हमखास येतो, आणि तो दुष्टपणाने आलेला नसतो. का आणू नये, हे दहा मिनिटे नीट सांगितले, तर बहुतेकांना ते पटते.

दुसरी सूचना बोटवाल्यांसाठी. जेथे रोज बोटी जातात, तेथे कायमचे बोये बसवावेत, आणि अवशेषांवर नांगर टाकणे हा अपमान समजला जावा. हा खर्च वाटून घेतला तर कोणालाच जड नाही, आणि ज्या अवशेषांवर धंदा चालतो ते टिकवणे धंद्याच्याही हिताचे आहे.

तिसरी सूचना मासेमार बांधवांविषयी. कोठे जाळे अडकते, कोणत्या डोंगराची आणि कोणत्या माडाची खूण एका रेषेत आली की खाली ‘काहीतरी’ असते, हे आपल्या वडीलधाऱ्या तांडेलांना ठाऊक असते. ही विद्या त्यांच्याबरोबर चालली आहे. ती लिहून घेतली पाहिजे. पण लिहून घेतलेली यादी छापावयाची नाही. ती अभ्यासकांच्या आणि शासनाच्या हाती सुरक्षित राहावी. बातमी देणाऱ्याचे नाव सन्मानाने नोंदले जावे आणि चौकशीचा ससेमिरा त्याच्या मागे लागू नये. सांगणाऱ्याला त्रास झाला, तर पुढचा माणूस तोंड उघडणार नाही.

चौथी सूचना या शाळेसाठी. समुद्र दिसतो अशा शाळेत इतिहासाच्या तासाला समुद्रतळाचा एक धडा असावा. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसारखी संस्था आपल्याच राज्यात आहे. मुलांना पाण्यात उतरवण्याची गरज नाही. एक मंगळुरी कौल वर्गात आणून त्यावरचा शिक्का वाचावयास लावला, तरी पुरातत्त्वाचा पहिला धडा होईल. येथे बसलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी बंदरात आहेत, कोणी पर्यटन व्यवसायात, कोणी नौदलात, कोणी जहाजांवर. आपल्यापैकी प्रत्येकाच्या हाती या कामाचा एकेक धागा आहे.

या विचारावर एक रास्त आक्षेप घेतला जातो, त्याला उत्तर देऊन थांबतो. दार उघडले की दहांतला एक तरी चोर निघणारच, असे म्हणतात. मान्य. पण दार बंद ठेवले, तर तो एक चोर तसाही रात्री जाणार, आणि त्याला पाहणारे नऊ जण तेथे नसणार. ज्या स्थळी रोज प्रामाणिक डोळे जातात, तेथे काल होती ती वस्तू आज नाही, हे लगेच कळते. नऊ जणांना आपलेसे करणे हाच त्या दहाव्यावरचा पहारा. त्यासाठी आधी नोंद हवी. कारण काय होते हेच लिहिलेले नसेल, तर काय गेले हे कोण सांगणार?

समुद्राने आपल्या पूर्वजांची कौले, रांजण, तोफा आणि माणसेही ठेवून घेतली. त्या दप्तरातले कागद वाचण्याचा अधिकार पुढच्या पिढीलाही आहे, आणि तिच्याजवळ आपल्याहून चांगली साधने असतील. म्हणून आपण पाहावे, टिपून घ्यावे, चित्र काढावे, आणि वस्तू जेथे होती तेथेच राहू द्यावी.

 गुरुवर्यांच्या स्मृतीस वंदन करून माझे भाषण संपवतो.